खसखशीची मूठ

साल २०२३. माझं वय बहात्तर. चैत्र संपत आला होता, चटणीचा हंगाम ऐन भरात होता आणि माझा डंक सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत धडधडत होता. त्या हंगामात एका चांगल्या पोरीला मी परदेशातल्या तुरुंगाच्या दारापर्यंत नेऊन सोडणार होतो. आणि तेही मूठभर खसखशीनं.

माझं शिक्षण चौथी. दिवाळी अंकाचे संपादकसाहेब म्हणाले, तुम्ही बोला, आम्ही लिहून घेतो. मी म्हटलं, माझं मीच लिहिणार, तुम्ही फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघा. तेव्हा यात जे शुद्ध असेल ते त्यांचं. बाकी सगळं माझं.

आधी डंक म्हणजे काय ते सांगतो, कारण दिवाळी अंक पुण्या-मुंबईलाही जातो. कोल्हापुरात चटणी म्हटलं की ती पानात डावीकडं वाढतात ती ओली चटणी नव्हे. वर्षाचं तिखट, त्यात कांदा-लसूण, खोबरं, तीळ, धणे आणि खडा मसाला घालून कुटलेलं, त्याला आम्ही चटणी म्हणतो. ती चक्कीवर दळायची नसते. चक्कीत मिरची तापते आणि तिचा रंग मरतो. डंकात ती कुटली जाते. खाली लोखंडी उखळ, वर मोटारीच्या पट्ट्यावर खाली-वर होणारं मुसळ, आणि दोन घावांच्या मधे हात घालून माल हलवणारा माणूस. माझ्याकडं राजारामपुरीच्या मागच्या अंगाला अशी चार उखळं आहेत. पन्नास वर्षं हात घालतोय आणि दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत. या धंद्यात हे सांगण्यासारखं असतं.

गिऱ्हाईक माल घरून भाजून आणतं. बाई समोर स्टुलावर बसते आणि आपला माल शेजारणीच्या मालात जाऊ नये म्हणून उखळावरची नजर हलवत नाही. पण मिरची कुटताना खकाणा उठतो. भल्याभल्या बायका पदर नाकाला लावून दाराबाहेर जाऊन खोकतात. तेवढ्यात मी माझं काम करून घ्यायचो.

ते काम म्हणजे मूठ. रोज सकाळी डंक सुरू करायच्या आधी मी लोखंडी कढईत माझी स्वतःची खसखस भाजायचो आणि ॲल्युमिनियमच्या डब्यात भरून पाठीमागच्या फळीवर ठेवायचो. माल कुणाचाही असो, खोबरं पडायच्या आधी त्यात माझ्या डब्यातली एक मूठ पडायची. बाईनं तिची खसखस आणलेली असो वा नसो. त्याचे पैसे कधी घेतले नाहीत आणि सांगितलं कधी कुणाला नाही. ही माझ्या आईची रीत. ती दुसऱ्यांच्या चटण्या हातानं कुटून आम्हाला जगवायची. लोकांचा माल आपल्या दारातनं मोकळा जाऊ द्यायचा न्हाय, म्हणायची, आणि आपल्या घरातली एक मूठ टाकायची. ती गेल्यावर उखळाला मोटार लागली, पण मूठ तीच राहिली.

याचा परिणाम असा की माझ्या डंकावरची चटणी वेगळी लागायची. बिद्रीच्या कारखान्यातल्या बायका दोन एसट्या बदलून यायच्या. पन्हाळ्याचा एक हॉटेलवाला चाळीस किलो माल घेऊन यायचा. एका साली त्यानं हिशेब केला की तीच मिरची, तेवढंच खोबरं, मग गावातल्या गावातच का कुटू नये. कुटली. महिन्याभरानं सगळी चटणी पिंपात घेऊन माझ्याकडं आला आणि म्हणाला, "अण्णा, ह्येला काय झालंय बगा की." मी बोट बुडवून चाखली आणि म्हटलं, "डंकाचं लोखंड वेगळं असतंय पावणं." तो लोखंडाची चौकशी करत गेला. पुढच्या साली गप माझ्याकडं आला.

आता खसखशीचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. हिरव्या बोंडाला चिरा पाडल्या की चीक गळतो, ती अफू. बोंड झाडावर वाळू दिलं की आत पांढरे दाणे खुळखुळतात, ती खसखस. आई एक, लेकरं दोन. एक वाया गेलं म्हणून दुसऱ्याला कुणी फाशी देतं का? आमच्या लहानपणी काष्ठौषधीच्या दुकानात नुसती वाळली बोंडंही मिळायची. पोट बिघडलं की आई सालीचा काढा चमचाभर पाजायची आणि बाळंतिणीला खसखशीची खीर असायची. आमचं घर शिवभक्त, महाशिवरात्रीला वडील पिंडीवर भांगेची दोन पानं वाहायचे. मग बोंडं मिळायची बंद झाली, पानंही बंद झाली. आम्ही नुसता बेल वाहू लागलो. महादेव काही बोलला नाही.

अफूनं धुळीला मिळालेलं घर मी पाहिलेलं आहे, त्यामुळं कायदा नको असं मी म्हणणार नाही. पण कायदा करायला जे बसले होते त्यांच्यात एखादी चटणी कुटणारी बाई असती, तर चीक कुठं संपतो आणि दाणा कुठं सुरू होतो हे तिनं त्यांना सांगितलं असतं.

हे मी माझ्या एका गिऱ्हाइकाला तोंडावर सुनावलं होतं. हे साहेब पोलीस खात्यातनं रिटायर झालेले. उसाच्या सरीत लपवलेला गांजा उपटून जाळण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली. त्यांना स्वतःला पांढऱ्या रश्श्यात आणि चटणीत खसखस दुप्पट लागायची. ते म्हणाले, "अण्णा, आपला कायदा बोंडावर हाय, बियावर न्हाय. खावा निवांत. पण आखातात जावा, तिकडं बियावरबी हाय. पुडी घावली तर सरळ आत."

मी हसलो. आपली खसखस तुर्कस्तानातनं बोटीनं येते, हे मला माझ्या दुकानदारानं सांगितलेलं. मी म्हटलं, "म्हंजे एका मुसलमान मुलकातनं निघताना ती धान्य असती आनि दुसऱ्या मुलकात उतरताना अफू हुती?"

साहेब म्हणाले, "व्हय. तसंच."

ही गोष्ट २०२३ च्या तीन वर्षं आधीची. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही. माहीत होतं. मी ते हसण्यावारी नेलं होतं.

सुमनबाई माझं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. राजारामपुरीतल्याच एका दवाखान्यात आया. नवरा लवकर गेला, एकुलती पोरगी प्रज्ञा, तिला नर्सिंग शिकवलं. दर साली पाच किलो मिरची, आणि सगळं साहित्य मोजून-मापून, कागदाच्या पुड्यांवर पेन्सिलीनं नाव लिहून आणणार. त्या साली पुड्या मोजल्या तर एक कमी. खसखशीची.

मी विचारलं, "सुमनबाई, खसखस इसरलाय."

"न्हाय अण्णा," त्या म्हणाल्या. "ह्या खेपेला नकोच."

एवढंच. कारण सांगितलं नाही. मी विचारलं नाही. मला वाटलं, मला समजलं. खसखशीचा भाव त्या वर्षी काजूच्या वर गेलेला. एकट्या बाईनं काटकसर केली असेल, तिला कशाला बोलतं करायचं? उलट मला बरंच वाटलं. मिरचीचा खकाणा उठला, सुमनबाई दाराबाहेर गेल्या आणि मी मूठ घातली. एक नव्हे, त्यांच्या वाटची म्हणून दोन घातल्या. आई असती तर तिनंही हेच केलं असतं, असं त्या दिवशी म्हणालो मनाशी.

आठ दिवसांनी दुपारी बाराच्या सुमाराला सुमनबाई पेढे घेऊन आल्या. नवी साडी. प्रज्ञाला दुबईच्या दवाखान्यात नोकरी लागली होती. संध्याकाळी साडेपाचची मुंबईची ट्रॅव्हल्स, दुसऱ्या दिवशी विमान. आधी का बोलला नाहीत म्हटल्यावर म्हणाल्या, एजंटानं फसवलेल्या दोन पोरी बघितल्यात, व्हिसा हातात पडल्याशिवाय कुणाला सांगायचं न्हाय असं ठरवलं होतं.

मी पेढा तोंडात घातला. आमची मंडळीही आतनं पदराला हात पुसत आली. तेव्हा सुमनबाई म्हणाल्या, "आनि अण्णा, तुमची चटणी तिच्या बॅगंत दिलीया बरं का. दोन किलो. म्हणून तर खसखस न्हाय घातली. तिकडं चालत न्हाय म्हणं. लई कडक हाय. एक पोरगा पावभर खसखस घिऊन गेलता, म्हयनाभर आत हुता."

माझ्या तोंडातला पेढा तिथंच राहिला. त्या वेळी मी काय बोललो असेन? मी म्हणालो, "खसखस काय दारू हाय व्हय?" आणि पाच मिनिटं खसखशीची बाजू मांडली. चीक वेगळा, दाणा वेगळा, बाळंतिणीची खीर, सगळं. सुमनबाई हसून म्हणाल्या, "तुमचं खरं हाय अण्णा, पर ते तिकडच्यास्नी कोन सांगणार?" आणि पोरीची बॅग बांधायची आहे म्हणून निघून गेल्या.

मूठ घातली हे मी बोललो नाही. एका शब्दानं नाही.

मंडळी दारात उभी होती. तिचं नाव गौरा. पंचेचाळीस वर्षं माझ्या घरात आहे, मूठ तिला ठाऊक आहे. तिनं विचारलं, "घातलीया न्हवं?"

मी मान हलवली.

"मग हितं काय करताय?"

मी बरंच काही सांगितलं. कुटल्यावर कुणाला दिसतंय, चटणीत दोन मुठी म्हणजे किती, विमानतळावर कोण चाखून बघणार. आणि आत्ता सांगितलं तर पन्नास वर्षांचं नाव जाईल. लोक म्हणतील हा आपल्या मालात काय काय घालतोय कुणास ठाऊक. डंकाच्या धंद्यात माल आणि नजर यावरच सगळं चालतं. गौरा सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "तिची पोरगी हाय. आपली असती तर?" आणि आत जाऊन भांडी घासायला लागली, मुद्दाम आवाज करत.

अडीच वाजता मी डंक बंद केला. हंगामात भर दुपारी डंक बंद, हे गल्लीनं कधी बघितलं नव्हतं. रिक्षा केली.

सुमनबाईंच्या घरात माणसं मावत नव्हती. मावश्या, माम्या, शेजारणी. निघायच्या आधी सगळ्यांनी मिळून बुद्धवंदना म्हणायची होती, त्यासाठी एक आजोबा खुर्चीत बसून होते. बॅग दाराशीच, वजन करून, वर चिकटपट्टी मारून तयार. मला बघून सगळ्यांनी जागा केली. अण्णा आले, चहा द्या. त्यातच मालन होती, माझ्या शेजारच्या गल्लीतली, आवाज अख्ख्या वॉर्डात जाणारी आणि पंधरा वर्षांपासूनचं माझं गिऱ्हाईक.

चहा आला तर बोलणं होणार नाही हे मला कळत होतं. मी उभ्यानंच म्हणालो, "सुमनबाई, बॅग उघडा. चटणी काढा बाहेर."

त्या हसल्या. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय.

"खसखस हाय तिच्यात. मी घातलीया. माझी."

प्रज्ञा स्वयंपाकघरातनं बाहेर आली. तिनं विचारलं, "अण्णा, आईनं नको सांगितलं होतं ना?"

मग मला सगळंच सांगावं लागलं. आईची रीत, फळीवरचा डबा, प्रत्येक मालात एक मूठ. बोलता बोलता माझ्या ध्यानात आलं की खोलीतल्या निम्म्या बायका माझीच गिऱ्हाइकं आहेत. पण सुरू केलं होतं, ते थांबवलं नाही. हेही सांगितलं की मूठ घातली नसती तरी उखळाला आधीच्या मालाची खसखस लागलेलीच असते. म्हणजे ती चटणी तशीही चालली नसती, आणि हे सुमनबाईंना ठाऊक नव्हतं, मला होतं.

पहिली मालन बोलली. "म्हंजे माझ्याबी चटणीत?"

"व्हय."

"किती सालं?"

"सगळी."

मालनचा चेहरा बघण्यासारखा झाला. ती म्हणाली, "आनि मी घरात सांगत आले, माझ्या हाताची चव हाय म्हणून. पंधरा वर्सं. सासूच्या तोंडावर सांगितलंय मी."

कुणीतरी हसलं. प्रज्ञा हसली नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि अगदी सावकाश बोलली, पेशंटशी बोलतात तशी. "तिथं उतरल्यावर विचारतात, बॅग तुम्ही स्वतः भरली का, आत काय काय आहे. मी सांगितलं असतं, मिरची, कांदा, लसूण, खोबरं. छातीवर हात ठेवून सांगितलं असतं. आणि ते खोटं ठरलं असतं."

मी तरी म्हणालोच, "पोरी, त्यात नशा नसती गं."

"मला माहीत आहे. मी नर्स आहे. पण तिथं ते मी ठरवायचं नाही."

सुमनबाईंनी तोवर चिकटपट्टी काढली होती. कपड्यांच्या मधनं डबा काढला, झाकण घट्ट आहे का बघितलं, प्रत्येक कपडा झटकून पुन्हा घडी घातली. सगळं झाल्यावर मान वर न करता त्यांनी विचारलं, "मी खसखस नको म्हटलं. तुमाला काय वाटलं अण्णा?"

एवढ्या माणसांत ते सांगणं जड होतं. पण अर्धं सांगून माघारी जायला मी आलो नव्हतो. "मला वाटलं, परवडत नसंल."

त्यांनी बॅगेची चेन लावली. मग म्हणाल्या, "वीस वर्सं माझी खसखस मी आणली. एकदा तरी उधार मागितली? एक सबूद इचारला असता तर मी सांगितलं असतं."

पन्नास वर्षांत मला पुष्कळ लोक पुष्कळ बोलले. मोटार जळाली म्हणून बोलले, चाळण फाटली म्हणून बोलले. त्यातलं काही लागलं नाही. हे लागलं. कारण मी ज्याला माझा मोठेपणा समजत होतो, तो त्या बाईला गरीब ठरवणं होतं, आणि तेही तिच्या पाठीमागं.

वंदना झाली. मी मागं भिंतीला टेकून उभा राहिलो. निघताना प्रज्ञा सगळ्यांच्या पाया पडली, माझ्याही पडली. म्हणाली, "बरं झालं आलात." ट्रॅव्हल्स साडेपाचला सुटायची ती सहाला सुटली. बॅग दोन किलोनं हलकी होती.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो. पोरगी सुखरूप पोचली, नोकरी चांगली चालली आहे. तो दोन किलोचा डबा सुमनबाईंनी घरी वापरला. महिनाभर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या, मग हळूहळू पूर्वीसारख्या बोलायला लागल्या. पण त्यांच्या पुड्यांवर आता पेन्सिलीनं नव्हे, पेननं लिहिलेलं असतं. खसखशीबद्दल माझं मत आहे तेच आहे. दाण्याचा गुन्हा नाही, आणि हे मी कुठल्याही मुलकाच्या साहेबाला तोंडावर सांगीन. माझा गुन्हा होता तो विचारलं नाही हा. एवढी साधी गोष्ट कळायला मला बहात्तर वर्षं लागली, याचं वाईट वाटतं. पण बहात्तरला कळली हेही काही कमी नाही. बऱ्याच जणांना कळायच्या आधीच तिरडीवर उचलतात.

तर प्रज्ञा गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाचला उठून डंकावर गेलो. चौथ्या उखळाचा पट्टा उतरवला, मुसळ खाली घेतलं, तारेच्या ब्रशनं घासलं, गरम पाण्यानं धुतलं, उन्हं आल्यावर वाळवलं. मग त्यात दोन पायल्या तांदूळ कुटून ते पीठ टाकून दिलं, म्हणजे लोखंडाच्या खाचेत काही उरू नये. त्या उखळावर विटकरी रंगानं लिहिलं, बिनखसखस. ते लिहिताना दोनदा चुकलो.

खसखस भाजली. डबा भरला. पाठीमागच्या फळीवर न ठेवता समोर, गिऱ्हाइकाला दिसेल असा ठेवला.

कोण येईल असं वाटत नव्हतं. साडेसातला मालन आली. भाजलेला माल घरात दोन दिवस ठेवला तर मऊ पडतो, दुसऱ्या डंकावर जायचं तर तिथं तिचा नंबर नव्हता. स्टूल उखळाजवळ ओढून बसली. मी मिरची घातली, खकाणा उठला. ती पदर नाकाला लावून खोकली, डोळ्यांतनं पाणी गळायला लागलं, पण जागची हलली नाही.

खोबऱ्याची वेळ आली तशी मी मोटार थांबवली. डबा उघडून तिच्यापुढं धरला आणि विचारलं, "घालू का?"

मालननं वाकून बघितलं, दोन दाणे उचलून चावले, बराच वेळ चावले.

"अर्धी घाला," म्हणाली.

मी अर्धी घातली.